चारशे बारा, जुना

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. त्यांना गाव विचारलं तर ते गावाचं नाव सांगत नसत, खांबाचा नंबर सांगत. "एकोणसत्तर, जुना." ऐकणारा गप्प झाला की त्यांना वाटे, याला समजलं. अगदीच कोणी खोदून विचारलं तर म्हणत, "तिथून आंबागडचा किल्ला दिसते. आता अजून काय सांगू?" आणि आपल्या कामाला लागत.

ऑफिस म्हणजे लाखनीतलं वीज कंपनीचं उपविभागीय कार्यालय. मी तिथे कारकून होते. हायवे खिडकीला लागून होता. ट्रक गेला की टेबलावरचा चहा हलायचा, आणि ट्रक काही थांबत नसत, त्यामुळे स्थिर चहा मी नोकरीत पाहिला नाही. समोरचं टेबल त्यांचं. नाव इथे लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो आणि ते मला बाई म्हणायचे. माझं लग्न झालं, मुलं झाली, केस पिकले, तरी हाक तीच राहिली. इतक्या वर्षांत मला त्यांचा जितका वैताग आला तितका घरातल्या कोणाचाही आला नसेल. आता आठवण येते तीही त्यांचीच जास्त, त्याला माझा इलाज नाही.

त्यांच्या टेबलावर फायली नसत. पिवळ्या रंगाचा डबा, काळ्या रंगाचा डबा, दोन ब्रश, आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले इंग्रजी आकडे असत. शून्य ते आठ. नऊ नव्हताच, सहा उलटा धरायचे. खांबावर पिवळा पट्टा मारायचा, तो वाळला की पत्रा टेकवून वरून काळा ब्रश फिरवायचा. तालुक्यातल्या विजेच्या प्रत्येक खांबाला नंबर घालणं आणि तो वहीत लिहिणं, एवढंच त्यांचं काम होतं. सायकलवर फिरायचे, पण सायकल कधी खांबाला टेकवली नाही. तिचं स्टँड मोडलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला आडवी झोपवून ठेवायचे. "टेका देला का आपूनबी भाडेकरू झालो," म्हणायचे.

हे भाडेकरूंचं प्रकरण मोठं होतं. खांबाला जे जे बांधलेलं, लटकलेलं किंवा चिकटवलेलं दिसेल, ते त्यांच्या वेगळ्या, खाजगी वहीत भाडेकरू म्हणून लिहिलं जायचं. बकरीचं दावं, धुण्याची दोरी, निवडणुकीचा फलक, लग्नाच्या रोषणाईची माळ, टेलिफोनची तार, केबलची तार. आणि या सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, आमची विजेची तार. एका साहेबांनी एकदा ती वही चाळली आणि हसून म्हणाले, "काकाजी, आपलीच तार भाडेकरू कशी? खांब आपला आहे ना?"

"खांब आपला आहे म्हणून आपल्याले नियम नाही का जी?" काकाजी म्हणाले. "आपून वरच्या माळ्यावर राहतो, येवढाच फरक. खांबाले सगळे सारखे."

साहेबांनी वही मिटून परत दिली. पुढे त्यांची बदली झाली, वही मात्र राहिली.

मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवरही काकाजींनी विवाहस्थळ म्हणून खांब क्रमांक घातला होता. मंगल कार्यालयाचं नाव घालायचं त्यांना सुचलंच नाही, की घालायचं नव्हतं, कोण जाणे. आम्ही ऑफिसवाले वेळेवर पोचलो. नवऱ्याकडची निम्मी मंडळी मात्र विचारत विचारत राईस मिलकडे गेली आणि तिथल्या हमालांनी त्यांना पाणी पाजून परत पाठवलं. मुहूर्त टळला. काकू मांडवात रडायच्या बेतात होत्या. काकाजी म्हणाले, "खांबावर येवढा मोठा नंबर हाये. वाचता येत नाही का त्यायले?"

या वेडाला कारण होतं, पण ते मला बऱ्याच उशिरा कळलं. काकाजी मूळचे लाइनमन. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला खांबाचा नंबर कळवायचा, त्या भागातली वीज बंद झाली असा निरोप आला की मग चढायचं, हा नियम. त्यांनी नियमाप्रमाणे सगळं केलं होतं. पण त्या भागात कोणीतरी निष्काळजीपणे एकच नंबर दोन खांबांवर घालून ठेवला होता. वीज बंद झाली ती दुसऱ्या खांबाची. काकाजी वरून खाली आले ते डावा पाय आणि डाव्या हाताची दोन बोटं गमावल्यासारखे. पाय राहिला, पण आखूड झाला. बोटं गेलीच. मग कंपनीनं त्यांना हलकं काम म्हणून रंगाचा डबा दिला. त्या दिवसाबद्दल ते एकच वाक्य बोलायचे. "खांबानं नाही मारलं बाई, नंबरानं मारलं."

मी त्यांना कधी हसले नाही असं नाही. पण हे कळल्यावर हसणं कमी झालं.

भंडारा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, त्याचा आमच्या ऑफिसवर झालेला पहिला परिणाम म्हणजे फायलींची वाटणी. तिकडच्या तालुक्यांच्या फायली तिकडे जायच्या होत्या. ट्रक लागला, हमालांनी कपाटंच्या कपाटं चढवली आणि कोणाची काय हे पाहायला कोणाला सवड नव्हती. त्या गडबडीत खांबांची जुनी नोंदवही तिकडे गेली. पुढे चौकशी केली तर तिला वाळवी लागल्याचं कळलं. अडचण ही की जुने नंबर पूर्वेकडून मोजत आणलेले होते, म्हणजे आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या भागातून. काही वर्षांनी वरून हुकूम आला की आपल्या जिल्ह्याचे नंबर आता आपल्याकडून नव्यानं मोजा. जुना नंबर खरवडून काढा, नवा घाला आणि काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र द्या.

काकाजींनी तो सगळा हिवाळा रस्त्यावर काढला. शेवटी प्रमाणपत्र माझ्याच टेबलावर तयार झालं. "सर्व जुने क्रमांक खरवडून काढण्यात आले आहेत." खाली त्यांची सही आणि त्याखाली "तपासले" म्हणून माझी. मी खुर्चीतून उठले नव्हते. आमच्याकडे "तपासले" याचा अर्थ कागद पाहिला असाच होता.

त्या दुपारी काकूंनी दिलेले लाखोरीच्या डाळीचे वडे माझ्या पुढ्यात ठेवून काकाजी हळूच म्हणाले, "बाई, खरवडलं नाही मी. जुन्यावर पातळ हात मारला अन् त्यावर नवा घातला."

"काहून?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"जुने लाइनमन अजून जुनाच नंबर सांगतेत. पुसून टाकला अन् कोणी चुकीच्या खांबावर चढला तं? नंबर राहू द्या खाली. कोणाचं काय बिघडवते?"

माझ्या तोंडात वडा होता. कागद गेला.

आता पुष्पाताई. लाखनीतलं त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या विणकराचं. नवरा अजून कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचा. हातमागाच्या खोलीत पूर्वी तीन माग होते. दोन बंद पडले, तेव्हा त्या जागेत पुष्पाताईंनी केबल टीव्हीची यंत्रं बसवली. एका भिंतीला माग, दुसऱ्या भिंतीला लाल दिवे लुकलुकणारी कपाटं. जिल्हा फुटल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी आमच्या कंपनीकडून खांबांवरून तार नेण्याची परवानगी घेतली होती. खांब क्रमांक चारशे बारा ते पाचशे तीस. पुढे टीव्हीच्या जोडीला त्या इंटरनेट देऊ लागल्या. शाळा, दवाखाना, राईस मिल, हायवेवरची दुकानं, सगळे त्यांच्याच तारेवर. स्वतः शिडी लावून चढायच्या. तुटलेली तार जोडताना त्यांचे हात इतके भरभर चालायचे की काकाजी खाली उभं राहून बघायचे.

एकदा त्या ऑफिसात आल्या असताना काकाजींनी त्यांना नंबरांची भानगड सांगितली. पुष्पाताई हसल्या. "आमच्यात बी तसंच असते जी. मागावरचा जुना ताणा, उभे धागे, पुरा काढत नाही. टोकं ठेवतो थोडी. नवा ताणा त्यायलेच गाठ मारून जोडतो. टोकं काढून टाकली तं सारं पहिल्यापासून भरा." काकाजींनी हे माझ्याकडे बघून दोनदा बोलून दाखवलं. मला कुठेतरी लिहूनसुद्धा ठेवायला लावलं असतं, एवढे खूश झाले होते.

मग आमच्या कंपनीला इंटरनेट विकायची इच्छा झाली. खांब आपले, माणसं आपली, गावोगाव पोच आपली, मग दुसऱ्यांनी का कमवावं, असा हिशेब. कंपनीनं त्यासाठी वेगळी शाखा काढली. काचेच्या धाग्याची तार येणार म्हणाले. काकाजींनी मला विचारलं, "त्यात काय वाहते बाई?" मी म्हटलं, उजेड. त्यांनी वहीत एक नवीन भाडेकरू लिहिला.

या धंद्याचा परवाना कंपनीला मिळाला तो एका अटीवर. खांबही तुमचे आणि दुकानही तुमचंच, म्हणून खांबावर आधीपासून रीतसर परवानगी घेऊन असलेल्या दुसऱ्या कोणाला हुसकायचं नाही. तुमच्या तारेला जी जागा आणि जो नियम, तोच त्याच्या तारेला. अट चांगली होती. मी ती टाइप केली तेव्हा काकाजींनी मागे उभं राहून वाचली आणि म्हणाले, "हे तं मी कवापासून सांगून राहिलो."

पण अटीत "रीतसर" हा शब्द होता. आमचे तेव्हाचे साहेब तरुण होते, बाहेरगावचे, वाईट माणूस नव्हे. त्यांच्यावर वरून रोज फोन यायचे, लाखनी कधी सुरू होणार. ते मला म्हणाले, "मॅडम, त्या बाईची तार राहिली तर आपलं कनेक्शन घेणार कोण? सगळं गाव तिचंच आहे." त्यांनी पुष्पाताईंचा परवानगीचा कागद काढला, नव्या नोंदवहीशी ताडून पाहिला आणि त्यांना वाट सापडली. नव्या वहीप्रमाणे चारशे बारा ते पाचशे तीस हे खांब लाखनी गावात नव्हतेच. ते पार पलीकडे भाताच्या बांधांवरून जाणाऱ्या लाईनवर होते. गावातल्या त्याच खांबांचे नवे नंबर सदतीसपासून पुढे. म्हणजे कागदाप्रमाणे पुष्पाताईंची गावातली सगळी तार विनापरवानगी होती. पंधरा दिवसांत ती काढून घ्यावी, अशी नोटीस मीच टाइप केली.

नोटीस घेऊन पुष्पाताई आल्या त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "जिथं माझी तार आहे तिथं परवानगी नाही, अन् जिथं परवानगी आहे तिथं तार नाही. पण मी तं जागची हलली नाही जी! जिल्हा हलला, तुमचे नंबर हलले. तार काढली का शाळा, दवाखाना एका दिवसात तुमच्याकडं येईन. मंग मी काय करू? माग अजून एकच उरला आहे."

त्यांनी अपील केलं. सुनावणीला नागपूरहून एक वयस्क अधिकारी आमच्याच ऑफिसात आले. सर्दीनं बेजार होते, रुमाल हातातून सुटत नव्हता. त्यांनी पुष्पाताईंना विचारलं, गावातले हे खांब म्हणजेच जुने चारशे बारा ते पाचशे तीस, याला पुरावा काय? जुनी नोंदवही वाळवीनं खाल्लेली. काकाजींची भाडेकरूंची वही होती, पण ती खाजगी, पुरावा म्हणून चालणार नाही असं साहेबांनी लगेच सांगितलं. आणि खांबावरचे जुने नंबर? साहेबांनी प्रमाणपत्र पुढे केलं. सर्व जुने क्रमांक खरवडून काढण्यात आले आहेत.

सही ओळखायला काकाजींना बोलावलं. ते आखूड पाय ओढत आत आले आणि कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "सही माझी आहे. मजकूर खोटा आहे."

अधिकाऱ्यांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"जुने नंबर खालीच आहेत साहेब. मी खरवडले नाही," काकाजी म्हणाले. "चार वाजू द्या. दाखवतो."

"चारच का?"

"ऊन तिरपं पडाले पायजे."

तेव्हा दोन वाजले होते. अधिकाऱ्यांनी नाक पुसलं, घड्याळ पाहिलं आणि ठीक आहे म्हणाले. माझ्या नोकरीतले ते सर्वांत लांब दोन तास. साहेब खोलीत येरझारा घालत होते. पुष्पाताई बाकावर नोटीस हातात धरून बसल्या होत्या. काकाजी बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी चहा घेऊन त्यांच्याकडे गेले. खरं सांगायचं तर मी घाबरले होते, आणि त्यांच्यासाठी जितकी घाबरले होते तितकीच स्वतःसाठी. त्या कागदावर "तपासले" माझं होतं.

"काकाजी, रिटायर व्हायला सात महिने राहिलेत. खोटं प्रमाणपत्र दिलं म्हणून चौकशी लागेल. माझं ऐका, डोळ्यांना दिसत नाही म्हणा, आठवत नाही म्हणा. तुम्हाला काय पडलंय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, नंबराच्या चुकीनं मी पडलो. आता त्या बाईले माझ्या नंबरानं पाडू?"

मला राग आला. समोरचा माणूस बरोबर असतो आणि आपल्याला ते परवडत नसतं, तेव्हा येतो तसा राग. मी कप उचलून आत आले.

चार वाजता सगळे बाहेर निघालो. थंडीचे दिवस, ऊन हायवेच्या पलीकडून आडवं येत होतं. ऑफिससमोरच्या खांबावर पिवळा पट्टा आणि त्यावर काळा सदतीस. काकाजींनी अधिकाऱ्यांचा हात धरून त्यांना खांबाच्या बाजूला, भिंतीला लागून उभं केलं. "समोरून नाही साहेब, इथून पाहा." अधिकारी वाकले. मीही त्यांच्या मागून वाकून पाहिलं. जुना रंग जाड होता, त्यावर नव्याचा हात पातळ. तिरप्या उन्हात पिवळ्या पट्ट्याखालून जुन्या आकड्यांच्या कडा वर आल्या होत्या आणि प्रत्येक कडेला बारीक सावली पडली होती. चार. एक. दोन.

"चारशे बारा, जुना," काकाजी म्हणाले. मग खिशातून नाणं काढून त्यांनी वरचा पापुद्रा थोडा खरवडला. खालून जुना काळा रंग दिसला. पुढच्या खांबावर चारशे तेरा. तिसऱ्यावर चारशे चौदा. चौथ्या खांबाशी अधिकारी म्हणाले, पुरे, मला दिसलं. पुष्पाताई पहिल्या खांबापाशीच उभ्या राहिल्या होत्या, हात त्या आकड्यावर ठेवून.

मग अधिकाऱ्यांनी हातातलं प्रमाणपत्र उलगडलं. "आणि हे तपासलं कोणी?"

सगळे माझ्याकडे वळले. मला वड्यांची ती दुपार लख्ख आठवत होती. मी म्हणाले, "मी. पण मला हे माहीत नव्हतं."

"बाईले काय माहीत?" काकाजी लगेच बोलले. "माझ्या भरवशावर सही केली तिनं. खांब कुठं उभा आहे तेबी नाही माहीत तिले." हे बोलताना ते खांबाकडे पाहत होते. माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बहुधा खरं बोलले असते. म्हणूनच त्यांनी पाहिलं नाही.

पुष्पाताईंची परवानगी रीतसर ठरली. तार राहिली. कंपनीची तार त्याच खांबांवर त्यांच्या तारेशेजारी आली, त्याच नियमानं. काकाजींनी दोन तारांमधलं अंतर मोजून वहीत लिहिलं आणि कंपनीच्या ठेकेदाराला तीन ठिकाणी तार खाली घ्यायला लावली.

आठवड्याभरात त्यांच्यावरचं दोषारोपपत्र आलं. तेही मलाच टाइप करावं लागलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि एकच दुरुस्ती सुचवली. "खांब क्रमांक सदतीस लिहलं तुमी. कंसात जुना लिहा ना." मी म्हटलं, साहेब काढून टाकतील. "टाकू द्या. तुमी तं लिहा." मी लिहिलं. साहेबांनी काढून टाकलं.

चौकशी चालू म्हणून निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी काकाजींनी पत्र्याचे आकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, रंगाचे डबे माझ्या टेबलाखाली सरकवले आणि पुढच्या पत्रव्यवहाराच्या पत्त्याचा फॉर्म भरून दिला. जाताना म्हणाले, "चौकशीचं काय झालं ते कळवजा बाई. नाव साफ व्हाले पायजे. बाकी काही नाही." मी हो म्हटलं. फॉर्म आवक-जावकच्या टेबलावर ठेवला, वाचला नाही. तेव्हा माझ्यात वाचायची ताकद नव्हती.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना मला कंटाळा येतो. दोन तारा एकाच खांबावर आल्या आणि गावाला सुरुवातीला मजा वाटली. एकाचं बंद पडलं की दुसऱ्याचं घ्यायचे. मग मोबाइलवरच सगळं स्वस्तात मिळायला लागलं. आमच्या कंपनीची शाखा आधी गुंडाळली गेली, कोणी तिचं नावही काढेनासं झालं. तरुण साहेबांची बदली झाली. पुष्पाताई त्यानंतरही बराच काळ टिकल्या. मग शाळेनं सोडलं, मग दवाखान्यानं. एका सकाळी ऑफिसला येताना मी पाहिलं, त्या स्वतःच शिडीवर चढून आपली तार उतरवत होत्या. काळ्या तारेची वेटोळी खांबाखांबाखाली पडली होती. मी थांबले. त्या वरूनच म्हणाल्या, "मीच बांधली होती, मीच सोडून राहिली. दुसऱ्या कोणी तोडली नाही, येवढं बरं आहे."

त्याच महिन्यात परत आलेल्या टपालात मला एक लिफाफा दिसला. वर काकाजींचं नाव, खाली "खांब क्र. ६९ (जुना), तुमसर विभाग" आणि त्यावर पोस्टाचा शिक्का, पत्ता अपूर्ण. त्यांनी फॉर्मवर गाव लिहिलंच नव्हतं. आवक-जावकच्या माणसानं जसंच्या तसं उतरवलं होतं. आत चौकशीचा निकाल होता. प्रमाणपत्र चुकीचं असलं तरी हेतू वाईट नव्हता आणि कंपनीचं नुकसान झालं नाही, म्हणून दोषमुक्त. पत्राची तारीख दीड वर्षापूर्वीची होती. ते इतके दिवस कुठे फिरलं देव जाणे. तो पत्ता आख्ख्या जिल्ह्यात कळणारं माणूस एकच होतं, आणि ते फॉर्म न वाचता बसलं होतं.

रविवारी मी भंडारा, तुमसर करत आंबागडला गेले. किल्ल्याच्या वाटेवर एकोणसत्तर सापडायला वेळ लागला नाही. रंग ताजा होता. खांबाखालीच घर. काकाजी ओसरीवर खाटेवर बसले होते, डोळ्यांना आता फारच कमी दिसत होतं. आवाजावरून ओळखलं. "बाई? पत्ता सापडला ना?"

मी पत्र वाचून दाखवलं. दोषमुक्त हा शब्द आला तेव्हा त्यांनी तो मला परत वाचायला लावला. दारात उभ्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काकाजी म्हणाले, "त्यात नंबर कोणता टाकला?"

"सदतीस."

"जुना नाही लिहला?"

"नाही."

ते थोडं हसले, कंटाळल्यासारखे. मग खाटेच्या कडेवर हात फिरवत बसले. मी त्यांना सांगायचं ठरवून गेले होते की त्या दिवशी मी खोटं बोलले, मला सगळं माहीत होतं. शब्दही जुळवले होते. पण त्यांनीच आधी विचारलं.

"पुष्पाबाईची तार आहे ना बाई अजून?"

समोर किल्ला दिसत होता. मी म्हणाले, "आहे."

"पुरी आहे? कुठवर?"

"पाचशे तीसपर्यंत."

"जुना?"

"जुना."

काकाजींनी मान हलवली. माझ्याकडे मात्र वळले नाहीत. त्या दिवशी चार वाजता केलं होतं तसंच तोंड खांबाकडे करून बसले. मग आत हाक मारून म्हणाले, "बाईले चहा टाक वो. लाखनीवरून आली ते."